आधी गोलकीपर आणि दोन स्टॉपर, शैली मागाहून

तुमचा प्रश्न दोनदा वाचला. वाचणाऱ्यांसाठी थोडक्यात सांगतो. तुम्ही एका इंजिनीअरिंग कॉलेजच्या फुटबॉल संघाचे कोच, नुकतंच कोचिंगचं डी लायसन्स केलंय. गोलकीपरपासून छोटे पास देत वर चढायचं आणि बॉल गेला की समोरच्याला त्याच्याच पेनल्टी बॉक्सपाशी दाबायचं, म्हणजे प्रेसिंग करायचं, हा तुमचा ठरवलेला खेळ. पाच सामने झाले, चार हरलात, अकरा गोल खाल्ले. सगळ्यांत चांगला स्ट्रायकर आठवड्यातून दोनच दिवस सरावाला येतो आणि प्रेसिंग करत नाही. वर क्रीडा समितीतले एक सर फोन करून 'अमक्याला खेळवा' म्हणतात. आणि शेवटी तुम्ही विचारलंय : शैली बदलू की खेळाडू?

मी कोल्हापूरचा. पेठेतल्या एका तालमीच्या फुटबॉल संघाकडून बारा वर्षं स्टॉपर, म्हणजे मधला बचावपटू, म्हणून खेळलो, नंतरची अठरा वर्षं पोरांना शिकवतोय. म्हणजे पुढचं सगळं एका बचावपटूच्या डोक्यातून आलेलं आहे. स्ट्रायकर राहिलेला कोच कदाचित याच्या उलट सांगेल.

मला वाटतं, तुमची अडचण प्रश्नातल्या त्या 'की'मध्ये आहे. तुम्ही आधी शैली ठरवली, मग वर्गात मार्कांप्रमाणे नंबर लावावेत तसे अकरा जण निवडले आणि दोन्हींची गाठ मारली. पण शैली फळ्यावर ठरत नाही. तुम्ही गोलकीपर आणि दोन स्टॉपर निवडता त्या क्षणी ती ठरते. पुढच्या आठ जणांनी काय करायचं हे त्या तिघांच्या पायांवर आणि धावेवर अवलंबून असतं.

हे जरा फोडून सांगतो. मोठ्या मैदानाची लांबी साधारण १०५ मीटर, म्हणजे गोलरेषेपासून मधल्या रेषेपर्यंत ५२ मीटरच्या आसपास. समोरच्याला त्याच्या बॉक्सपाशी दाबायचं तर तुमचे फॉरवर्ड तिथे गेले पाहिजेत. ते गेले की त्यांच्या मागे हाफ (मधल्या फळीतले) आणि हाफांच्या मागे बॅक (बचावपटू) वर सरकले पाहिजेत, नाहीतर मधे मोकळं रान पडतं. पहिल्यापासून शेवटच्या माणसापर्यंत संघ तीस-पस्तीस मीटरमध्ये मावला तरच दाबणं जमतं. म्हणजे तुमचे स्टॉपर मधल्या रेषेच्या जवळ उभे हवेत आणि त्यांच्या पाठीमागे चाळीस-पंचेचाळीस मीटर रिकामे. त्या रिकाम्या जागेत बॉल टाकला की दोनच जण तो वाचवू शकतात : मागे फिरून समोरच्या विंगरपेक्षा, म्हणजे कडेने धावणाऱ्या फॉरवर्डपेक्षा, जोरात पळणारा स्टॉपर, किंवा बॉक्स सोडून बाहेर येणारा गोलकीपर.

तुमच्याकडे या दोघांपैकी कोण आहे? प्रश्नात तुम्ही स्ट्रायकरबद्दल सहा ओळी लिहिल्यात, गोलकीपरबद्दल एकही नाही. म्हणून अंदाज करतो. तो रेषेवर चांगला आहे, उड्या मारतो, पण बॉक्सच्या बाहेर यायला बिचकतो. आपल्याकडचे बहुतेक गोलकीपर असेच घडतात, कारण लहानपणी सगळ्यांत उंच पोराला गोलमध्ये उभं केलेलं असतं आणि पायाने खेळायला त्याला कुणी सांगितलेलंच नसतं. स्टॉपर धिप्पाड असतील, हेडिंग चांगलं असेल, पण पाठीमागचा बॉल त्यांना झेपत नसेल. असे स्टॉपर मधल्या रेषेशी थांबतच नाहीत. तुम्ही बाजूने 'वर या, वर या' ओरडता, ते दोन पावलं येतात आणि पुढच्या लांब बॉलला चार पावलं मागे जातात. त्यांना भित्रं म्हणू नका. पाठीत काय आहे ते त्यांना तुमच्यापेक्षा चांगलं कळतं.

आता तुमच्या स्ट्रायकरकडे या. त्याचा दोष किती ते मला माहीत नाही, पण एक शक्यता सांगतो. पहिल्या सामन्यात तो दोनदा जीव तोडून समोरच्या स्टॉपरवर धावला असेल. दोन्ही वेळा त्या स्टॉपरने शेजारी मोकळ्या हाफला बॉल दिला असेल, कारण तुमचे हाफ वीस मीटर मागे होते. तिसऱ्या वेळी तो धावला नाही. मीही धावलो नसतो. एकट्याने केलेलं प्रेसिंग म्हणजे नुसती दमछाक. बाहेरून बघणाऱ्याला आळस स्ट्रायकरच्या पायात दिसतो, पण त्याचं मूळ चाळीस मीटर मागे असतं.

मागून पास देत चढण्याचंही तसंच. २०१९मध्ये गोलकिकचा नियम बदलला. तोवर गोलकिकचा बॉल बॉक्सच्या बाहेर गेल्याशिवाय खेळात येत नव्हता. आता लाथ बसून तो हलला की झालं, त्यामुळे बॉक्सच्या आतच उभ्या असलेल्या स्टॉपरला छोटा पास देता येतो. तेव्हापासून टीव्हीवर प्रत्येक संघ हेच करताना दिसतो आणि कॉलेजच्या मैदानावरही सुरू झालंय. पण टीव्हीवर गवत गालिच्यासारखं असतं आणि एडरसन किंवा अॅलिसनसारखा, लांब पास छातीवर आणून देणारा गोलकीपर असतो. आपल्याकडे मुरमाच्या ग्राउंडवर बॉल कुठे उसळेल याचा नेम नाही. तिथे एक स्पर्श बॉल थांबवण्यात जातो, दुसरा तो पायाखाली घेण्यात आणि तिसऱ्याला समोरचा येऊन उभा राहतो.

मी यासाठी एक साधी परीक्षा घेतो. ज्या मैदानावर सामना आहे त्याच मैदानावर, एक माणूस अंगावर सोडून, स्टॉपरला वीस मीटरवरून दहा पास देतो. पहिल्या स्पर्शात बॉल पुढच्या दिशेला घेऊन मान वर उचलणं किती वेळा जमलं ते मोजतो. सात वेळा जमलं तर मागून खेळायचं. पाच-सहा असेल तर एकाच बाजूने, जो बरा आहे त्याच्याकडूनच. त्याखाली असेल तर गोलकिक लांब मारायची आणि पहिल्या झटापटीतून सुटून पडलेल्या बॉलवर तुटून पडायचं. हे आकडे कुठल्या पुस्तकातले नाहीत, माझ्या वहीतले आहेत. तुमच्या मैदानाला वेगळे लागतील.

इथे लोक हमखास सांगतात की मोठे मॅनेजर आपल्या तत्त्वाला चिकटून राहतात. राहतात, पण कधी आणि कुणाच्या जिवावर, तेही बघायला हवं. इंग्लंडच्या टॉटनहॅम क्लबचे तेव्हाचे मॅनेजर आंगे पोस्टेकोग्लू यांचं घ्या. नोव्हेंबर २०२३मध्ये चेल्सीविरुद्ध त्यांचे दोघे जण लाल कार्डावर बाहेर गेले, तरी उरलेल्या नऊ जणांची बचावरेषा मधल्या रेषेला टेकून उभी होती. बघणाऱ्यांनी टाळ्या वाजवल्या आणि सामना ४-१ने गेला. ती रेषा इतकी वर ठेवणं ज्याच्या वेगामुळे शक्य होतं, तो मिकी व्हॅन डे व्हेन त्याच सामन्यात मांडीचा स्नायू धरून बाहेर गेला होता. माणूस गेला, रेषा तिथेच राहिली.

आता मे २०२५. बिल्बाओत युरोपा लीगची फायनल, समोर मँचेस्टर युनायटेड. मॅडिसन, कुलुसेव्स्की, बर्गवाल असे बॉल खेळवणारे तिघंही दुखापतीने बाहेर. हेच पोस्टेकोग्लू त्या दिवशी मागे बसले. पूर्वार्धात एक गोल केला आणि मग जवळजवळ सगळा वेळ बॉल युनायटेडकडेच. व्हॅन डे व्हेनने गोलरेषेवरून उडी मारून पायाने काढलेला तो बॉल आठवत असेल. १-० जिंकले, सतरा वर्षांनी क्लबला चषक मिळाला. जेमतेम दोन आठवड्यांनी नोकरी गेली, कारण लीगमध्ये संघ सतरावा होता. त्या रात्री हाताशी असलेल्या माणसांत जो खेळ बसत होता तो त्यांनी खेळवला, एवढंच मी यातून घेतो. नोकरीचं काय, तो धंदाच तसा.

मला जास्त जवळचं उदाहरण लेस्टर या इंग्लिश क्लबचं. मॅनेजर रानिएरी २०१५मध्ये आले तेव्हा त्यांचे स्टॉपर मॉर्गन आणि हूथ दोघंही तिशी ओलांडलेले, ताकदीचे पण संथ. त्यांना वर उभं करण्याचा विचारही रानिएरींनी केला नाही. दोघं आपल्याच बॉक्सपाशी, त्यांच्या पुढे मैदानभर बॉल हिसकावत फिरणारा कान्ते, आणि एकदम पुढे वार्डी, ज्याला पळायला समोर मोकळी जागा हवीच होती. म्हणजे मागच्यांच्या संथपणामुळे पुढच्याला हवं ते मिळालं. सप्टेंबरच्या अखेरीस आर्सेनलने घरी येऊन ५-२ने धुतलं. लगेचच्या नॉर्विच सामन्यात त्यांनी दोन्ही बाजूंचे बॅक बदलून सिम्पसन आणि फुक्स यांना आणलं आणि त्यांचा हुकमी विंगर महारेझला, हो, महारेझलाच, बाकावर बसवलं. ४-४-२ (चार बॅक, चार हाफ, दोन फॉरवर्ड) ही रचना मात्र जागच्या जागी. गोल न खाता एक सामना काढा, पिझ्झा खिलवतो, असं त्यांनी पोरांना सांगून ठेवलं होतं. ती वेळ ऑक्टोबरच्या शेवटी क्रिस्टल पॅलेसविरुद्ध आली. त्याच पर्वात ते प्रीमियर लीग जिंकले, हे सगळ्यांना ठाऊक आहे. यातलं तुमच्या कामाचं इतकंच : एका वेळी एक गोष्ट बदला. माणसं आणि रचना एकाच रविवारी बदललीत, तर जिंकल्यावरही कशाने जिंकलो ते कळणार नाही.

अर्थात मोठ्या मॅनेजरला, बसत नाही त्याला विकून दुसरा आणता येतो. आपले कोच खालिद जमील यांनी २०१६-१७मध्ये मिझोरमच्या ऐजॉल क्लबला आय-लीग ही राष्ट्रीय लीग जिंकून दिली, तेव्हा जयेश राणे आणि आशुतोष मेहता ही त्यांच्या मुंबईच्या संघातली, त्यांची पद्धत आधीच अंगी मुरलेली पोरं त्यांच्यासोबत होती. तुमचे खेळाडू ठरतात इंजिनीअरिंग प्रवेशाच्या कॅप राउंडला. जो आला त्यातूनच संघ करायचा. म्हणून माणसाला शैलीत कोंबण्याची चैन तुम्हाला परवडणारी नाही.

मी संघ लिहितो तो खालून वर. पहिलं नाव गोलकीपरचं, मग दोन स्टॉपर. त्या तिघांकडे बघून रेषा कुठे राहील ते ठरवतो आणि तिच्यापुढे मधला हाफ निवडतो. रेषा खाली असेल तर हाफ हेडिंगवाला आणि जागा न सोडणारा, वर असेल तर पळणारा. बाजूचे बॅक त्यानंतर. फॉरवर्ड सगळ्यांत शेवटी, म्हणजे लोक ज्याच्यासाठी स्टेडियमवर येतात त्याचं नाव माझ्या कागदावर सर्वांत खाली. शाहू स्टेडियमच्या गॅलरीत बसून संघ निवडणारे नेमकं उलट्या बाजूने सुरू करतात, आणि आमच्याकडे गॅलरीत बसलेला प्रत्येक जण संघ निवडत असतो.

हे शहाणपण मला आपोआप सुचलेलं नाही. कोर्स करून आलो त्या वर्षी माझ्याही डोक्यात हाय लाइन, म्हणजे बचावरेषा खूप वर ठेवणं, बसली होती. आमचा कॅप्टन स्टॉपर तेव्हा तेहतीस वर्षांचा, दोन्ही गुडघे गेलेले. त्याला बसवून मी एकोणीस वर्षांचा वेगवान पोरगा आणला. निवड चुकली असं आजही म्हणणार नाही. चुकलं ते पुढचं. यादी मी आदल्या रात्री व्हॉट्सअॅप ग्रुपवर टाकली आणि नऊ वर्षं खेळलेल्या माणसाने आपलं नाव नाही हे चौकात चहा पिताना, चार जणांसमोर वाचलं. दुसऱ्या दिवशी तो आलाच नाही. नवा पोरगा पळत होता खरा, पण रेषा कधी वर न्यायची आणि कधी थांबायचं हे ओरडून सांगणारा आवाज मी घरी बसवला होता. ऑफसाइडचा सापळा लावताना, म्हणजे समोरच्याला मागे टाकून एकदम वर सरकताना, चौघांपैकी एक जण रोज मागे राहायचा. ते पर्व आमचं वाया गेलं.

तेव्हापासून ज्याला बसवणार त्याला यादीच्या आधी स्वतः भेटतो. दोनच वाक्यं बोलतो : उद्या तू सुरुवातीला नाहीस, आणि का नाहीस. कारण त्या सामन्यातलं असतं, 'त्यांचे विंगर फार वेगाचे आहेत' असं. 'तुझं लक्ष नाही' असं स्वभावावरचं काही बोलत नाही. पुढच्या वेळी नक्की खेळवतो असं तर कधीच नाही. तसं एकदा बोललो होतो, ते मला अजून ऐकवतात.

स्ट्रायकरच्या हजेरीचं मात्र परिस्थितीवर आहे. आमच्याकडे निम्मी पोरं शिरोली-गोकुळ शिरगावच्या फाउंड्रीत शिफ्ट करून येतात. सेकंड शिफ्टवाल्याला संध्याकाळी का आला नाहीस असं विचारायला मला तोंड नाही. तुमचा स्ट्रायकर प्रॅक्टिकल किंवा कामामुळे येत नसेल तर एक न्याय, कॅन्टीनमध्ये बसून येत नसेल तर दुसरा. येऊ शकणाऱ्याने न येणं, यावर त्याची जागा जाईल, हे मी पर्व सुरू होण्याआधी सगळ्यांसमोर सांगतो. तुम्ही हे आधी सांगितलं नसेल तर आता मधेच त्याच्यावर लागू करू नका, बाकीच्यांना तो सूड वाटेल. पुढच्या स्पर्धेपासून करा.

तोवर त्याला वापरायचा कसा? मागे न येणाऱ्याला 'मागे येऊच नकोस' असं सांगून बघा. दोन्ही स्टॉपर बॉक्सच्या पुढे आठ-दहा मीटरवर, चार हाफ त्यांच्यापुढे अगदी जवळ, आणि हा एकटा मधल्या रेषेवर समोरच्या संघाच्या स्टॉपरमध्ये घुटमळत. बॉल मिळाला की पहिली नजर त्याच्याकडे. त्यांच्या एका-दोघांना त्याच्यासाठी मागे थांबावंच लागतं, म्हणजे न पळताही तो बचावाचं काम करतो. याची किंमत आहे : बाकीच्या नऊ जणांना त्याचा वाटा उचलावा लागतो आणि ते त्यांना आधी पटवून द्यावं लागतं. असा एकच माणूस संघाला झेपतो. दोन झाले की बुडालात.

समितीतल्या सरांचा फोन. यात तुम्ही वाद घालताय असं वाटलं, तो घालू नका. पूर्ण ऐकून घ्या आणि एकच विचारा, 'बरोबर आहे सर, मग कुणाला बसवू?' माझ्या अनुभवात दहातले आठ फोन तिथेच संपतात, कारण कुणाला खेळवा हे सांगणारा कुणाला बसवा याची जबाबदारी घेत नाही. उरलेले दोघं नाव घेतात. त्यांना सांगा की उद्या बाकावर आहे तो, सामना बघून ठरवतो. आणि खरोखरच बघा. कधीकधी त्यांचं बरोबरही असतं.

मग या आठवड्यात काय? आधी कागद घेऊन अकराही गोल लिहून काढा : बॉल कुठे गेला, कुणाकडून गेला आणि त्या वेळी तुमची बचावरेषा कुठे होती. सहा-सातपेक्षा जास्त गोल आपल्या अर्ध्यात बॉल गमावून किंवा पाठीमागच्या बॉलवर झाले असतील, तर मी वर म्हणतोय तीच गोष्ट आहे. रेषा पंधरा मीटर खाली घ्या, गोलकिक लांब मारा, प्रेसिंग मधल्या रेषेपासून सुरू करा. माणसं तीच ठेवा आणि असे दोन सामने खेळा. बरेचसे गोल कॉर्नर आणि फ्री किकवर झाले असतील तर माझं इतकं सगळं बाजूला ठेवा. तो प्रश्न शैलीचाही नाही आणि निवडीचाही नाही, कुणी कुणाला धरायचं याचा आहे आणि दोन संध्याकाळच्या सरावात बराचसा सुटतो.

मागून खेळत चढायचं स्वप्न सोडा असं मी म्हणत नाही. पहिल्या वर्षाचा एखादा गोलकीपर आणि एखादा वेगाचा बॅक हेरा, त्यांच्यावर रोज वीस मिनिटं घालवा. दीड वर्षात रेषा आपोआप वर जाईल, तुम्हाला बाजूने ओरडावं लागणार नाही.

आणि पुढचं लिहाल तेव्हा तुमचे दोन स्टॉपर चाळीस मीटर किती सेकंदांत पळतात ते मोजून लिहा. उभे राहून सुरुवात नको. पाठ फिरवून, वळून पळायला लावा.